शेवंताचा कपाळाएवढा दांडा

रविवार, संध्याकाळ. सांगली.

लॅक्रॉसच्या संघात शेवंताची निवड झाली नाही. चूक माझी आहे, ती इथेही कबूल करतो.

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ; तिच्या त्या काठीचा, स्टिकचा, दांडा मी निवडला होता. वरची जाळी शाळेला देणगीत मिळाली होती. दांडा केवढा घ्यायचा ते सांगणारं गावात कुणी नव्हतं. मग मुंजीत बटूचा दंड मापतात तसं तिला भिंतीशी उभं करून कपाळापर्यंत माप घेतलं. संस्कृत शिकल्याचा एवढाच उपयोग! नियमपुस्तिका उघडायचं सुचलं नाही. तिचे वडील मेंढपाळ, त्यांनीही मान डोलावली. "बराबर हाय गुरुजी. आमची काठी बी कपाळाएवढीच असती."

दोन जाणकारांचं एकमत झाल्यावर पोरीचं भलं कसं व्हावं?

आज पंचांनी टेप लावली. मुलींच्या खेळात एवढा दांडा चालत नाही, दीड वीत जास्त आहे म्हणाले. ती उसनी स्टिक घेऊन उतरली. वर्षभर लांब दांड्यावर बसलेला हात; एकेक चेंडू जाळीच्या कडेला लागून खाली पडत होता. या वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. कपाळापर्यंत! कुठून सुचलं मला?

परतताना एसटीत म्हणालो, "शेवंता, माझं चुकलं गं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "ऱ्हाऊ द्या सर. कुपवाडच्या वर्कशॉपात कापून आणा त्यो दांडा. धाकटीला हुईल."