चार माळा, अकरा घोट

आदरणीय विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघायचं आहे? आतून खाज सुटली तरी विणायची सुई घालू नका. आमच्या ह्यांनी एकदा घातली होती. सुई आतच राहिली आणि प्लास्टर निघेपर्यंत दोघांचा मुक्काम एकत्रच होता. माझं मागचं पत्र मिळालं असेलच. तीन आठवडे झाले, उत्तर नाही, लेकीला फोन करता पण मला बोलवायला सांगत नाही, म्हणजे तुम्ही रागावला आहात हे मी ओळखलं. (मला माणसं लवकर ओळखता येतात.) मीच फोन केला असता, पण फोनवर समोरचं माणूस मध्येच बोलतं. पत्रात ती अडचण नाही.

तुमची लेक तुम्हाला ‘सगळं छान आहे’ एवढंच सांगते, कारण खरं सांगितलं तर तुम्ही प्लास्टरसकट गाडीत बसाल अशी तिला धास्ती. आता खरोखरच छान आहे, तेव्हा हकिकत सांगायला हरकत नाही. बाळ तीन आठवड्यांचं झालं तरी जन्मताना होतं तेवढ्याही वजनावर परत आलं नव्हतं. दिवसभर अंगावर, तरी भुकेलं. आणि सूनबाई बाळाला घेतलं की उशीचा कोपरा दातात धरायची, इतकं दुखायचं तिला. मी म्हटलं, अंदाजपंचे दाहोदरसे नको, नोंद ठेवू. घरखर्चाच्या वहीची मागची पानं घेतली. त्या खोलीतलं घड्याळ बंद आहे, म्हणून वेळ मोजायला जपाची माळ घेतली. (नातवाचं दूध आणि देवाचं नाव एकाच बैठकीत, सेल घालायला नकोत.) डावीकडे जमा, म्हणजे माळा. उजवीकडे खर्च, म्हणजे ओले लंगोट. जमा दर वेळी चार माळा, आणि लंगोट दिवसाला जेमतेम तीन! माझी वही आजवर कधी चुकलेली नाही. ताळा जमत नाही म्हणजे मालात खोट, असं मी ठरवलं, आणि त्याच दुपारी तुम्हाला ते पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं ते पुन्हा लिहीत नाही, तुमच्याकडे आहेच.

पुढच्याच आठवड्यात बाळाला दवाखान्यात वजनाला नेलं. तिथल्या नर्सबाईंना मी काटेबाई म्हणते, कारण काटा त्यांच्या ताब्यात आणि बोलणंही तसंच. मी अभिमानाने वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाल्या, “आजी, दुकान किती वेळ उघडं होतं ते लिहिलंय. विक्री किती झाली ते कुठाय?” मला उत्तर सुचलं नाही. (ह्यांनी हे ऐकून तारीख लिहून ठेवली आहे.) मग त्यांनी सूनबाईला कोपऱ्यातल्या खुर्चीत पाजायला बसवलं आणि मला फर्मावलं, माळ घ्या, पण घोट गिळल्याचा आवाज आला तरच मणी सरकवा. खोलीत चार पोरं टाहो फोडत होती. मी बाळाच्या गालाला कान लावून वाकून उभी, कमरेचा काटा ढिला झाला. नेहमी चार माळा होतात तेवढा वेळ गेला. मणी सरकले अकरा. बाकी नुसतं टक् टक्, जीभ निसटल्याचं. काटेबाईंनी हात धुतले, बाळाच्या जिभेखाली बोट फिरवलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर इतके लहान दिसतात की तेच लस टोचून घ्यायला आलेत असं वाटावं. पण हुशार. त्यांनी दाखवलं, जिभेखाली एक कातडीची तार असते, ती आपल्या बाळाची थेट टोकापर्यंत आलेली, आखूड आणि घट्ट. रडताना जीभ वर उचलतच नव्हती. जीभ पुढे येत नाही म्हणून बिचारं हिरड्यांनी चावत होतं. म्हणून आईला कळा आणि बाळाला उपास. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी ठामपणे सांगितलं, आमच्याकडे नाही, आईच्या माहेरी चौकशी करा. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता तुमच्या जावयांना म्हटलं, “जरा जीभ बाहेर काढा.” कडी लावलेल्या दारातून कुणी डोकवावं तशी जीभ खालच्या ओठापर्यंत आली आणि थांबली. टोकाला खाच. विहीणबाई, हा मुलगा लहानपणापासून आइस्क्रीम कोनातलं कधी चाटत नाही, वाटीत घेऊन चमच्याने खातो. ते माझे संस्कार आहेत असं मी अर्ध्या आळीला सांगून बसले आहे. सूनबाई हसली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा.

तार कापायचं ठरलं. मी म्हटलं, वरच्या ओठाच्या आतही तशीच घडी मला दिसली आहे, तीही उरकून टाका, एका हेलपाट्यात दोन कामं. डॉक्टर म्हणाले, “आजी, तुमचा ओठ वर करा बघू. हं, तुम्हालाही आहे. कापू?” मी ओठ खाली केला. ती घडी सगळ्यांनाच असते म्हणे, बाळाचा ओठ नीट दुमडतो, तेव्हा तिला हात लावायचं कारण नाही. जिभेची तारसुद्धा अडत नसेल तर कापत नाहीत. आपली अडत होती. मी आख्खी माळ जपायच्या तयारीने डोळे मिटले, तिसऱ्या मण्याला डॉक्टर “झालं” म्हणाले. कापसावर दोन थेंब रक्त. आंघोळीला याहून जास्त रडतो. लगेच आईकडे दिलं, आणि मग जे घोट सुरू झाले! माझ्या बोटांना दम पुरेना. अर्ध्या माळेला गडी तोंड उघडं टाकून झोपला. सूनबाई म्हणाली, “आई, या वेळी दात आवळावे लागले नाहीत.” त्या खोलीत भिंतीवर मुलांची उंची मोजायचा तक्ता आहे. तो मी बराच वेळ वाचला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी जिभेखाली पांढरं दिसलं. मी ओलं फडकं घेऊन पुसायला निघाले तर सूनबाईने माझं मनगट धरलं. “हात लावायचा नाही आई, जखम भरतेय ती. सांगितलंय डॉक्टरांनी.” या घरात मला नको म्हणण्याची पद्धत नाही. पण मी फडकं ठेवलं. (रागावले नाही. थोडी रागावले.) दहा-बारा दिवसांत ते आपोआप गेलं. आता वजन आठवड्याला चढतंय, काटेबाई हसतात, लंगोट दिवसाला आठ होतात आणि ते मी धुते. वहीचा ताळा जमतो.

पायाला जपा. उठायची घाई करू नका, इकडे मी खंबीर आहे.

आपली,
विहीण

ता. क. माहेरी चौकशी करा असं मी म्हणाले ते मागे घेतलं आहे. तसंच माझं मागचं पत्र कृपया परत पाठवावं. पाकीट सोबत जोडलं आहे. (हे पाकीट उलटं करून चिकटवलेलं आहे, जपून उघडा, पुन्हा वापरता येईल.)

आणखी एक. कारण विचाराल, म्हणून लिहिते. तुमचे जावई तान्हे असताना असेच तासन्‌तास चिकटून असत. आमच्या सासूबाईंनी माझ्या आईला पत्राने कळवलं, की तुमच्या मुलीला दूधच नाही. मी वाटी-चमचा घेतला. आईने मला कधी काही सांगितलं नाही. ती गेल्यावर ते पत्र तिच्या पेटीच्या तळाशी मिळालं. बत्तीस वर्षं मीही तेच खरं मानत होते. त्या दिवशी त्याने जीभ बाहेर काढली तेव्हा मला कळलं, माझ्या मालातही खोट नव्हती. तुमच्या पेटीत माझं पत्र नको. तुमच्या लेकीला कधी सापडायला नको.

शेवटचं. मागच्यासारखंच हेही पत्र टपालात टाकायला आत्ता सूनबाईच्या हातात दिलं, तर ती म्हणाली, “आई, मागचं अजून माझ्याकडेच आहे. वाचून ठेवून दिलं. तिकडे आईचा पाय मोडलेला, तुमचाही जीव बाळात अडकलेला. म्हटलं, थांबू थोडं.” म्हणजे तुम्हाला ते मिळालंच नाही आणि तुम्ही रागावलेल्याही नाही. तरी एवढा कागद पाठपोट भरलाय, तो वाया कसा घालवू? पाठवते आहे. वजनाचं तेवढं वाचा, बाकी वाचलं नाही असं समजा. पाकीट तुम्हाला राहू द्या. त्या पत्राची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर सूनबाईने आजपासून घोट लिहायला घेतले आहेत.