तुझ्या गाडीचे नवे ब्रेक आणि पालीचं बारसं

रत्नागिरी, मंगळवार

चि. नितेश यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

बोटीवर तब्येत कशी आहे? जेवण वेळेवर घेतोस ना? मी बरी आहे, गुडघा मात्र त्याच्या मनाने वागतो. वैष्णवी आणि तुझी लेक पालीला माहेरी सुखरूप आहेत. (लेकीचं नाक आपल्या बाबांचं आलंय, त्याला इलाज नाही.) हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तुमच्या समुद्रात आवाज तुटतो, आणि रागावताना मला मधे तोडलेलं चालत नाही. म्हणून कागद. त्याचा फोटो मीच काढून पाठवते, कोपऱ्यात अंगठा आला तर चालवून घे.

आता तुझ्या गाडीविषयी. दोन टनांचं ते धूड तू घेतलंस तेव्हा मी काही बोलले नाही. ते ट्रॅकवर, म्हणजे नुसतं गोल गोल पळवायला केलेल्या रस्त्यावर न्यायचंय म्हणालास, तेव्हाही बोलले नाही. (बोलले, पण फोन तुटला होता.) मात्र कंपनीने दिलेले धडधाकट ब्रेक काढून दुसरे कशाला, हे मला कळेना. म्हणून तू पाठवलेल्या खोक्यातले इंग्रजी कागद डिक्शनरी घेऊन तीन दुपारी वाचून काढले. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण ह्यांनी डेपोतून आणलेल्या, प्रवाशांनी एसटीत विसरलेल्या वर्तमानपत्रांवर आणि पुस्तकांवर झालं. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. आता विसरलेलं काही घरी येत नाही, तेव्हा ब्रेकचे कागद तर ब्रेकचे.

तर मला कळलं ते असं. जड गाडी पुन्हा पुन्हा जोरात आवरली की ब्रेक तापतात, आतलं तेल उकळतं आणि पेडल पायाखाली लोण्यासारखं बसतं. म्हणून मोठ्या डिस्क, तापल्यावरच नीट धरणारे पॅड आणि सहजी न उकळणारं तेल. इथवर मान्य. पण नवे ब्रेक एवढे मोठे की त्यांवर जुनी चाकं बसेनात, म्हणून चाकंही नवी. डिकीतलं जादा चाक पुढे बसत नाही, म्हणजे पंक्चर झालं तर ते नुसतं बघायचं. आणि थंड असताना हे पॅड असे किंचाळतात की मारुती मंदिराशी रिक्षावाले उतरून बघतात कोण सापडलं ते. ह्यांनी सव्वीस वर्षं आंबा घाटातून एसटी उतरवली ती गिअरवर. ब्रेकला पाय लावायचे ते कोणी हात दाखवला की!

रविवारचं बारसं तुला वैष्णवीने अर्धंच सांगितलं असेल. आत्या मी एकटी, म्हणून कानात नाव सांगायचं तिने मला सांगितलं होतं. त्यावर तिची काकू गोदूबाई म्हणाली होती, "आत्या खरी, पण कुंकू नाही गो तिला. दुसरं कोण बघा." वैष्णवीने तिला ठणकावलं, नाव आक्काच सांगतील आणि कुठलं ते आक्काच ठरवतील. (पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे.) पाच वर्षांत कुठल्या कार्यात मला पुढे बोलावलेलं नाही. बोलावतात ते मागच्या पडवीत कांदे चिरायला. तेव्हा मी नाव ठरवलं आणि कोणालाही सांगितलं नाही, वैष्णवीलासुद्धा. मुहूर्त अकरा चाळीसचा.

सकाळी तुझा तो गॅरेजवाला मित्र समर्थ नवे ब्रेक बसवलेली ती गाडी घेऊन दारात. "आक्का, पालीवरूनच जातोय, एसटी कशाला? चला." मांडीवर घुगऱ्यांचा डबा आणि मी शिवलेलं दुपटं घेऊन बसले. नवे ब्रेक आधी रुळवावे लागतात हे मी कागदात वाचलं होतं. ते मला आत बसवून रुळवायचे असतात, असं कुठे लिहिलं नव्हतं. हातखंब्यानंतर रस्ता मोकळा दिसला आणि सुरू झालं. शंभरचा वेग, तिथून एकदम वीस. पुन्हा शंभर, पुन्हा वीस. असं दहा वेळा! तिसऱ्या वेळी डब्याचं झाकण उडालं.

"बघितलंत आक्का, गाडी रस्त्याला कशी चिकटते?"

"मेल्या, हरभरे काचेला चिकटले ते बघ!"

(तुझ्या एसीच्या जाळीतून ते अजून निघताहेत. समर्थ चिमट्याने काढतो.)

दहा वेळा झाल्यावर गाडीतून इस्त्रीने कापड जाळल्यासारखा वास येऊ लागला. आणि इथे खरी गंमत. अशा तापल्या ब्रेकवर गाडी उभी करायची नाही. उभी केली तर पॅड डिस्कला एका जागी डाग पाडतो आणि पुढे जन्मभर स्टिअरिंग थरथरतं. वीस मिनिटं ब्रेक न लावता नुसतं चालत राहायचं. हे दहावं दाबणं संपलं कुठे, तर पालीच्या बाजाराच्या तोंडाशी. रस्त्याकडेला मंडप, दारात लेकीला घेऊन वैष्णवी, पोरं हात हलवताहेत, आणि आम्ही वरातीच्या चालीने समोरून पुढे! मी काचेतून हात हलवला. दुसरं काय करणार? जिल्ह्यातले सगळ्यात महागाचे ब्रेक, आणि गाडी थांबत नाही! नाणिजपर्यंत गेलो, वळलो, रस्त्याच्या कामात अडकलो. परत पोचलो तेव्हा साडेबारा.

गोदूबाई म्हणाली, "अगो बाय, मुहूर्त काय तुझ्या गाडीसाठी थांबतो? मीच कुर्र केलं. सानवी ठेवलं." पाठीवरच्या थापाही तिनेच खाल्ल्या. मी दुपटं दिलं, उरलेल्या घुगऱ्या वाटल्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. हात दाखवला, थांबली.

तेव्हा ती गाडी तू वीक, नाहीतर बोटीवर नेऊन ठेव. माझ्या दारात नको.

तुझी,
आक्का

ता.क. समर्थला बोलू नकोस. मंडप दिसला तेव्हा त्याने विचारलं होतं, "आक्का, थांबवू काय? पॅड गेले तर गेले, नितेशला मी सांगतो." मी बघितलं, तर वैष्णवीच्या मागे गोदूबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी, आणि तिच्या मागे त्या सगळ्या जणी. मीच म्हटलं, "कागदात थांबू नको म्हणून लिहिलंय ना? मग चल पुढे." त्याने ऐकलं. भला माणूस आहे.

ता.क. आणखी एक. जन्माच्या नोंदीत नावाची जागा अजून कोरी आहे. वैष्णवी म्हणते, ती आईबापाच्या सहीने भरते, काकूच्या कुर्रने नाही. माझ्या मनात कुठलं नाव होतं, ते तिने दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही, म्हटलं आधी तुला विचारावं. आम्हाला मुलगी झाली तर म्हणून ह्यांनी एक नाव काढून ठेवलं होतं. मनस्वी. वैष्णवी नोंदीचा अर्ज पाठवील, आवडलं तर त्यावर तेवढं लिहून, सही करून पाठव. नाही आवडलं तर सानवीही वाईट नाही, मी त्याच नावाने हाक मारीन.