ओवीचं अर्धं राहिलेलं बाहुलीघर

प्रिय दादा,

काल ओवी येऊन तिचं बाहुलीघर घेऊन गेली. तू अर्धं ठेवलेलं, मी कसंबसं पुरं केलेलं. वहिनी आणि ती दुपारच्या गाडीनं जालन्याला गेल्या, तेव्हापासून मला कुणाशी तरी बोलायचंय. आईला सांगता येत नाही. ती गावाकडं फुलंब्रीला बसून अजून एकच म्हणते, "सुनेनं घर मोडलं." ह्यांना सांगितलं तर म्हणतील, "झालं ते झालं, मंगल." मग उरलास तू. आणि खरं म्हणजे भांडायचंय तेही तुझ्याशीच.

ते घर माझ्याकडं आणलंस तो दिवस आठवतो? स्कूटीवर गुडघ्यांत आवळून औरंगपुऱ्याच्या गर्दीतून आणलं होतंस. शेजारच्या काकूंनी विचारलं, "देव्हारा केला का हो?"

"देव्हारा नाय काकू, फ्लॅट हाय. वन बीएचके!"

किती हसलास तू! जन्मभर लोकांची कपाटं नि पलंग केलेस, हे काम मात्र ओवीच्या शाळेच्या पट्टीनं मोजून केलं होतंस. तुम्ही तिघं राहत होता तोच फ्लॅट, हुबेहूब. वहिनी ओवीला घेऊन माहेरी गेली, त्याच्या आधीचा. गॅलरीत पाण्याचा निळा ड्रमसुद्धा होता, औषधाच्या बाटलीच्या झाकणाचा. म्हणालास, "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. ड्रम नसला तर ओवी म्हणंल, हे आपलं घरच नाय."

मग हळूच म्हणालास, "लाकूडकाम झालं. आतलं सगळं तू कर मंगे. पडदे, गाद्या, रंग. तुझा हात लई बारीक हाय."

आणि मी? "दिवाळी होऊ दे." दिवाळी झाल्यावर, "माझ्या शाळेचं गॅदरिंग होऊ दे." शिकवणाऱ्याला काय, शाळेत रोजच काही ना काही असतं. मला वहिनीचा राग होता, दादा. भरलं घर टाकून गेलेल्या बाईच्या घराचे पडदे मी का शिवू? तुला ते कळत होतं ना? तिसऱ्यांदा विचारलंस आणि नंतर विषयच काढला नाहीस. घर माझ्या कपाटावर धूळ खात राहिलं.

मग तो मंगळवार. छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायलास, ॲसिडिटी आहे म्हणालास आणि वर्कशॉपमध्येच आडवा झालास. मला एक फोन करता आला नाही तुला? पाच मिनिटांवर तर राहते मी!

तुझ्या तेराव्यानंतर घर कपाटावरून खाली काढलं. तुझ्या वर्कशॉपमधून सनमायकाच्या नमुन्याच्या पट्ट्या आणल्या, त्या कापून फरशी केली. शहागंजच्या बाजारातून कटपीस आणले. पहिला पडदा वाकडा लागला, दुसऱ्याला गोंदाचे डाग पडले. माझा हात बारीक असेल दादा, पण सगळं दोन-दोनदा उसवलं. बेडरूमचा रंग कोणता होता? इतक्यांदा तुमच्याकडं जेवले, बेडरूममध्ये कधी डोकावले नाही. वहिनीला विचारावं म्हणून फोन घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. शेवटी अंदाजानं पिस्ता रंग दिला.

हॉलच्या खिडकीखाली तू एक लांबट फळी बसवली होतीस. ती कशासाठी ते समजेना. मी तिच्यावर काडेपेटीचा टीव्ही चिकटवला. बेडरूममध्ये स्पंजच्या तीन गाद्या घातल्या, शेजारी शेजारी. मधली ओवीची.

काल ओवी त्या घरासमोर मांडी घालून बसली. ड्रम बघून ओरडली, "बाबांनी केला ना आत्या?" मग बेडरूममध्ये बघत राहिली. एक गादी उचलली नि हॉलमध्ये आणली.

"आत्या, टीव्ही इथं नसतो. हा दिवाण आहे. इथं बाबा झोपायचे."

"कधी कधी ना गं?" मी विचारलं.

"रोज. मी बालवाडीत होते तेव्हापासून."

तिनं ते इतकं सहज सांगितलं, जसं काही ड्रमचा रंग सांगतेय! मी वहिनीकडं पाहिलं. ती खाली बघत होती. म्हणाली, "तीन वर्षं आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो, ताई. मी किती वेळा म्हणलं, मंगलताईंना तरी सांगा. तर म्हणायचे, तिला कशाला घोर लावायचा."

काय झालं होतं तुमच्यात? मला विचारायचा धीर झाला नाही.

टीव्ही ओढला तर फळीचा रंग निघून आला. मी ब्रश घेतला. वहिनीनं माझ्या हातातून ब्रश काढून घेतला नि तेवढी जागा रंगवली. मी म्हणाले, "बेडरूमचा रंग चुकला असेल ना?" ती म्हणाली, "राहू द्या ताई. हाच बरा दिसतो."

सात-आठ वर्षांच्या पोरीला सगळं ठाऊक होतं. तिच्यासाठी तू दिवाणाची खरी फळी बसवलीस, आणि मला एक शब्द नाही? मी परकी होते का रे? की तुला माहीत होतं, मी ऐकणारच नाही, वहिनीलाच बोल लावीन? तीन वर्षं तू त्या दिवाणावर अंग चोरून झोपलास आणि मी राखी बांधायला येऊन त्याच दिवाणावर बसून चहा पीत होते, तरी ती फळी मला ओळखू आली नाही! आता हे कळून मी काय करू? तुझी समजूत काढता येत नाही, तुझ्यावर ओरडता येत नाही. वहिनीला वर्षभर जे बोलले ते परत घेता येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत ओवीला आणायला मी स्वतः जालन्याला जाणार आहे. वहिनी आली तर तिलाही आणीन. ती काही बोलली तर मध्ये तोंड घालून तुझी बाजू घेणार नाही. आणि ओवी तुझ्याबद्दल जे सांगेल, जसं सांगेल, ते तसंच ऐकेन. "असं नव्हतं गं," असं तिला कधीही म्हणणार नाही. हा शब्द देते, दादा. याहून जास्त काही माझ्या हातात तू ठेवलंच नाहीस.

तुझी,
मंगी