पहिल्याच भागात मरनाऱ्या आया

माय, तुले वाचता येत नव्हतं, आन मी तुले कागद लिहून राह्यली. सातवीपर्यंतचं माह्यं लिहिनं, काना-मात्रा चुकते, पन ते तुले समजनार नाई म्हनून लाज नाई वाटत. दुपार हाय. लेक ओसरीत खेळून राह्यली. सासूबाई आंगनात मोहफुलं वाळू घालून राह्यली, आन जंगलातून आल्यापासून माह्यासंग बोलत नाई. काऊन बोलत नाई ते सांगतो, पन आधी कार्टूनाचं सांगतो, कारन सगळं तिथूनच निघालं.

आठवते का तुले, मी पाचवीत असन, शेजारच्या मावशीच्या घरी टीव्हीवर जपानी कार्टून लागे, हिंदीत बोलनारं. तू शाळेतली खिचडी शिजवून घरी ये, हाताले हळदीचा न धुराचा वास, आन मावशीच्या दारातूनच ओरडे, "उठतं का नाई वो पोट्टे? कार्टूनानं पोट भरते काय?" एक दिवस तूबी दारात टेकली. पडद्यावर एक पोट्टा पाठीवर गाठोडं घेऊन डोंगर चढून राह्यला होता. तू विचारते, "याची माय कुठी हाय?" मी म्हनतो, "मेली." "कधी?" "पहिल्याच भागात." "मंग याले जेवाले कोन देते?" मावशी हासाले लागते, "अवो बाई, कार्टून हाय ते." तू म्हनते, "कार्टून असन, पन पोट त हाय न त्याले." मले तेव्हा तुही लाज वाटली होती. आता मी जे काही लावतो, त्याच्यात पहिले तेच पाहातो, का याले जेवाले कोन देते.

घरवाला तेलंगनात मिरची तोडाले गेला, जाताना जुना मोबाईल मले देऊन गेला. घरात टॉवर येत नाई. पान्याच्या टाकीपाशी उभं राहून कार्टून भरून आनतो. फारेस्टची भोंगेवाली गाडी रोज गावात फिरते, दिवस बुडाल्यावर बाहेर निघू नका, एकटे जंगलात जाऊ नका, वाघ गावाच्या जवळ हाय. म्हनून दिवस बुडला का मी दार लावतो, लेकीले पोटाशी घेतो न आम्ही दोघी कार्टून पाहातो. याले अ‍ॅनिमे म्हनते आता. लय पाह्यले माय. आता मले समजते, कोनतं चांगलं न कोनतं फुकटचं.

एक शाळेतल्या पोट्ट्यांचं हाय, बॉल खेळनाऱ्यांचं. एक बॉल वर जाते, आन तो खाली येईपर्यंत तीन भाग निघून जाते. तेवढ्यात सगळ्यायले आपापलं लहानपन आठवते, कोनी रडते, कोनी दात चावते. मी म्हटलं, बापा, बॉल हाय का पतंग? पन लेकीले आवडते, कारन त्याच्यात कोनी मरत नाई. दुसरं एक मोठ्या शहराचं हाय, सगळे पोट्टे-पोट्ट्या काचेच्या घरात राह्यते न उदास होऊन खिडकीतून पाहाते. कायचं दुःख हाय ते शेवटपर्यंत सांगतच नाई. मी अर्ध्यात सोडलं. पन एक गोष्ट खरी, हे लोकं भात लय चांगला काढते. झाकन उचललं का वाफ निघते, एकेक शीत चमकते, बाईचं बोट झाकनाले चटकते न ती कानाले लावते, जशी तू लावे. आपल्याच सारखे भातवाले लोकं दिसते. जो भात असा काढते, त्याले मायचं काम समजते असं वाटते. मंग त्याच बाईले काऊन मारून टाकते?

कारन सगळ्यायत तेच हाय. एक डोंगा चालवनाऱ्या पोट्टीची मालिका हाय. पहिल्या भागात माय भात वाढते, आन त्याच भागात पुरात वाहून जाते. मंग ती पोट्टी वल्हं उचलते न अख्खी नदी जिंकते. जेव्हा जेव्हा ती थकते, तेव्हा माय दिसते, मागून उजेड, केस उडून राह्यले, हासून राह्यली. मेलेली मानसं अशी हासत नाई. तुले घरी आनलं तेव्हा बायांनी तोंडावरचं लुगडं मले सरकवू देलं नाई. आन मी थकतो तेव्हा तू कधी दिसत नाई, फक्त पाठ दुखते. त्या पोट्टीले वल्हं भेटलं, मले तुहा भात ढवळाचा सराटा भेटला. सातवीतून शाळा सुटली, बाबाले भात करून घातला, आन मंग लग्न झालं. माही मालिका कोनी काढनार नाई.

आन वाघाचाबी एक सिनेमा पाह्यला. टाकीपाशी उभी राहून आनला, पाहू नये असं वाटे तरी आनला. डोंगरातला पांढरा वाघ एका बाईले मारते, आन शेवटी तिच्या पोरीसमोर मान खाली करते, त्याच्या डोळ्यात पानी येते, पोरगी त्याच्या डोक्यावर हात ठेवते. गानं लागते. लोकायनं खाली लिहिलं होतं, रडलो, लय सुंदर. ज्यानं हे काढलं, त्याच्या गावात भोंगेवाली गाडी येत नसन. वाघ दुष्ट नाई, मी तसं म्हनत नाई. पन तो रडत नाई. वाकून बसलेलं मानूस त्याले जनावर दिसते, आन तो येते. येवढंच हाय. म्हनूनच त आपल्या इथं मोह येचाले दोघी जाते न, एक येचते, एक उभी राह्यते. तुलेबी माहीत होतं. तुनंच मले शिकवलं होतं.

वाघानं तुले नेलं त्या दिवशी मावशी उभीच होती माय. तिनंच मले सांगतलं, लय दिवसानं, रडत रडत. आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळला होता, काळ्या जमिनीवर फुलं भरून पडले होते, आन तुनंच तिले म्हटलं, "बस न वो, किती पडले. दोघी येचू, लवकर घरी जाऊ." ती बसली. मंग पाहनारं कोनी राह्यलंच नाई. लोकं वाघाले शिव्या देते, फारेस्टले देते. मी तुले देतो. शाळेतल्या सगळ्या लेकरायच्या ताटात तू पाहे, कोनाले कमी पडलं, कोनाले नाई. आन एका टोपलीसाठी तुले मी दिसली नाई.

आता इकडं मोह पडाले लागला. सासूबाईचं झाड जंगलाच्या कडेलेच हाय. काल मी टोपली काढली, त लेक खेळता खेळता थांबली. "आई, आपला कोनता भाग चालू हाय?"

"कायचा भाग वो?"

"पहिला असन त तू नको जाऊ."

मीच दाखवले न तिले सगळे. सासूबाई म्हने, "काय बोलते वो पोट्टी? शिकव आनखी मोबाईल." मी टोपली दारापाशी ठेवली. नाई जात म्हटलं त सासूबाई एकटीच गेली असती.

आज सकाळी गेलो, दिवस निघाल्यावर. सासूबाई झाडाखाली बसली न येचाले लागली. मी झाडाले पाठ लावून उभी, एका हातात काठी, एका हातात तेलाचा रिकामा पिपा, तो मधात मधात वाजवतो. फुलं खरंच भरून पडले होते. थोड्या वेळानं सासूबाई मान वर न करता म्हनते, "बस न वो, किती पडले. दोघी येचू, लवकर घरी जाऊ."

तेच शब्द, माय. बायका सगळ्या तेच बोलते वाटते.

"मी नाई बसत बाई. तुम्ही येचा, मी पाहातो."

"काय पाहातं? सिनेमा?"

"जंगल पाहातो."

"मोठी आली पाहनारी! पलीकडच्या घरच्या चौघी बसल्या हाय, त्यायले जीव नाई काय? आन हे माही सून, खांबासारखी उभी."

मी खांबासारखीच उभी राह्यली. एकदा पाला वाजला. माह्या हातातून पिपा पडला, खनकन आवाज झाला. माकड होतं. सासूबाई हासली, मंग चिडली. टोपली अर्धीच भरली. ऊन चढलं, पन मी वाकली नाई, पडलेला पिपाबी काठीनंच जवळ ओढला. मी शूर नाई माय, मले लय भेव वाटते, दारात कुत्रं भुंकलं तरी वाटते. उभी राह्यली ती फक्त तुह्या त्या विचारन्यानं, का मंग याले जेवाले कोन देते. दुसऱ्याच्या पोट्ट्यासाठी विचारलं होतं तुनं. माह्यासाठी काऊन नाई विचारलं?

रस्त्यानं बाया पाट्या भरून आल्या. सासूबाईनं हातपंपावर सगळ्यायले सांगतलं, माही सून झाडाखाली पहारा देते, तिले बंदूक घेऊन द्या. सगळ्या हासल्या. उद्या मी आनखी जाईन न आनखी उभीच राहीन. हासू दे.

हा कागद कुठी धाडू? तू पडली तिथी लोकायनं दगडाचा ढीग केला हाय, येनारा-जानारा एक दगड टाकते न पुढं जाते. तिथी ठेवता आला असता. पन त्याच्यासाठी आतल्या रस्त्यानं जावं लागते, आन मी जात नाई. गेलीच नाई कधी. हा कागद इथीच राहीन, तांदळाच्या डब्याखाली.

आन एक सांगतो. त्या डोंगावाल्या पोट्टीच्या मालिकेले मी येवढी नावं ठेवली, पन मोबाईल भरला तेव्हा बाकी सगळे भाग पुसले, तिचा पहिला नाई पुसला. मले वाईट वाटलं का तोच लावतो. माय झाकन उचलते, वाफ निघते, बोट चटकते, ती पोट्टीले भात वाढते. पूर येन्याच्या आधी मी बंद करतो. आज जेवताना लेकीलेबी तेवढाच दाखवला. "पुढं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पुढं काही नाई. जेवली न झोपली."