फुंकर नको

आई,

मला आज लवकर ड्यूटी आहे, त्यामुळे बाबांच्या डायलिसिसच्या पिशवीत औषध तुलाच घालायचंय. मास्क लाव, हात नीट धू, पिशवीचं रबरी तोंड स्पिरिटने पूस आणि ते आपोआप वाळू दे. मगच सुई टोच.

काल तू वाळवायला फुंकर मारलीस म्हणून मी अख्खी पिशवी फेकली, वर तुझ्यावर खेकसले. चुकलंच माझं. पण पिशवीतल्या पाण्याबरोबर आपल्या तोंडातले जंतू नळीवाटे थेट त्यांच्या पोटात जातात गं. मागच्या वेळचं हॉस्पिटल आठवतंय ना?

आणि एक. काल रागारागात चहा ओतताना माझा हात भाजला, तुला सांगितलं नाही. संध्याकाळी आले की त्याच्यावर मार फुंकर.

तुझी चिडकी