मिसिसिपीच्या गृहस्थांचं सुतक

बोईसर,
रविवार, जेवणानंतर

ती. स्व. इंद्रजीतदादास चंद्रभानचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी खुशाली तू कळवणार नाहीस हे ठाऊक असल्याने ती वहिनींकडून आधीच काढून घेतली आहे. तुझा गुडघा दुखतो, साखर काठावर आहे आणि खामगाव सोडावं लागेल म्हणून बँकेतली बढती तू नाकारलीस, असं कळलं. काकांची प्रकृती ब्याऐंशीच्या मानाने उत्तम आहे आणि तुम्ही बापलेक अजूनही एकमेकांशी बोलत नाही, हेही कळलं. आधी तुझ्या आईमार्फत (म्हणजे माझ्या मावशीमार्फत) आणि ती गेल्यापासून वहिनींमार्फत, अशी अठ्ठावीस वर्षं तुम्ही काढलीत. माणसं बांधावरून अबोला धरतात, मानपानावरून धरतात. तू गिटार वाजवून भरलेली कॅसेट काकांनी फेकली म्हणून धरलास आणि त्या दिवसापासून गिटारला हातही लावला नाहीस. हे पत्र त्याच बाबतीत आहे, म्हणून फाडू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू 'हं' म्हणून ठेवून देतोस (शिवाय फोनवर कंस घालता येत नाहीत, आणि माझं कंसांवाचून अडतं).

तर आमच्या इथे एक ब्लूज मंडळ आहे. हसू नकोस. ज्या गावात लोक शिफ्ट सुटल्यावर फक्त झोपेचा विचार करतात, तिथे तीन माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी माझ्या घरी जमतात आणि अमेरिकेतल्या दुःखी माणसांची गाणी ऐकतात. एक मी, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोजमापाची गेज तपासणारा. दुसऱ्या वर्षाराणी मॅडम. मूळच्या साताऱ्याच्या, वीज केंद्रात इलेक्ट्रिकलला आयुष्य घालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. तिसरा दातिवऱ्याचा दिपेश. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि येताना सुके बोंबील आणतो. (ते भाजले की सुगंधा गॅलरीत जाऊन बसते. ब्लूज चालतो, वास चालत नाही, असं तिचं म्हणणं आहे.)

प्रत्येकाचा देव ठरलेला आहे. दिपेश जॉन ली हूकरचा. एकच सूर धरून पायाने ठेका देत बसणारा माणूस त्याला आपल्या धंद्यातला वाटतो. "इंजिन एकदा लागला का असाच चालाय पायजे," असं तो म्हणतो. मॅडम अल्बर्ट किंगच्या. तो डावखुरा, गिटार उलटी धरून वाजवायचा, आणि मॅडमनी डाव्या हाताने जेवण्यापायी लहानपणी आजीचा बराच मार खाल्लेला आहे. मी अर्थात बी. बी. किंगचा. तो गाताना गिटार गप्प आणि गिटार बोलायला लागली की तो गप्प. संसारात ही शिस्त मला आजवर जमलेली नाही, म्हणून आदर आहे. आता तुझ्यापासून काय लपवायचं, ही सगळी वाक्यं मी तुझीच म्हणतो. 'दहा सुरांपेक्षा एक सूर खरा लावणं कठीण' हे तू मला खामगावच्या गच्चीवर सांगितलंस आणि मी बोईसरात त्यावर तज्ज्ञ झालो. मंडळात मला मान आहे. तो तुझा आहे, पण खातोय मी.

मंडळाची रीत अशी की, आणणाऱ्याने वादकाचं नाव सांगायचं नाही, ऐकणाऱ्यांनी ओळखायचं, चुकेल त्याने चहा करायचा. मॅडम सगळं नोंदवहीत लिहितात, वेळेसकट. मागच्या महिन्यात मी एक जुनी कॅसेट काढली. वर नाव नाही, गाव नाही. (ती माझ्याकडे कशी आली ते पुढे येईल, घाई करू नकोस.) वादक मलाही माहीत नव्हता, म्हणून चहा कोणी करायचा हा प्रश्नच होता. पण दादा, ती गिटार सुरू झाली आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं थांबलो. तार अशी ओढायचा की सूर पोचेल की नाही याची काळजी आपल्याला लागावी, आणि अगदी शेवटी तो पोचायचा. मध्येच चुकायचा, आणि चूक सोडून न देता तीच परत वाजवून तिला चाल बनवायचा. दिपेशने डोळे पुसले आणि टेप बंद केला. पुढचं सोसणार नाही म्हणाला.

मग शोध सुरू झाला. अल्बर्ट नाही, हूकर नाही, कोणीच नाही. दिपेश म्हणाला, "माणूस म्हातारा हाय. एकच पाय ठोकतो, दुसरा अधू हाय." मॅडमना ऐकूनच कळलं की त्याच्या करंगळीत जोर नाही, म्हणजे गिरणीत गेलेली असणार. मी आंधळेपणाची भर घातली. चहा होईपर्यंत आम्ही त्याला मिसिसिपीकाठचं एक गाव, दोन बायका आणि कापसाचं शेत दिलं. दुसऱ्या चहाला तो थंडीने वारला. एवढा मोठा माणूस, कुठे नाव नाही, कोणी फूल वाहिलेलं नाही, हे दिपेशला फार लागलं. तो खाली जाऊन झेंडूचा हार घेऊन आला. टेपरेकॉर्डरला हार घातला, उदबत्ती लावली आणि आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे, बिहारातल्या छपऱ्याचे गृहस्थ दार उघडं पाहून आत आले. "कौन गुज़र गए?" असं त्यांनी हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मिसिसिपीचे एक बुजुर्ग. ते बिचारे चप्पल काढून आमच्याबरोबर उभे राहिले आणि जाताना माझा हात हातात घेऊन गेले. होळी चार दिवसांवर होती. मिसिसिपीच्या गृहस्थांचं सुतक किती दिवसांचं आणि पुरण घालायचं की नाही, असं सुगंधाने सगळ्यांसमोर विचारलं. तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

पण मॅडम म्हणजे मॅडम. त्यांना टेपमधली घरघर स्वस्थ बसू देईना. तुला माहीत असेल, विजेवर चालणाऱ्या टेपमध्ये त्या विजेचीच एक बारीक घरघर उतरते. अमेरिकेत ती सेकंदाला साठ सायकलची आणि आपल्याकडे पन्नासची. लोक गिटार ऐकतात, या बाईंनी घरघर ऐकली. गेल्या रविवारी, या महिन्याच्या बैठकीला, त्या लॅपटॉप घेऊनच आल्या. आकडा आला अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा. मी म्हटलं, टेप हळू फिरत असेल, गेज आधी तपासा, मग आकडा. (बाईंना काम शिकवायला जाऊ नये.) टेपची गती तपासायला काहीतरी ठरलेलं माप हवं, म्हणून आम्ही कॅसेट पहिल्यांदाच शेवटपर्यंत जाऊ दिली. गिटार संपल्यावर बरीच शांतता, आणि त्यानंतर रेडिओवरच्या बातम्यांआधी पडतात ते ठोके. सेकंदाला एक. मॅडमनी मोजले. टेप अगदी बरोबर फिरत होती.

मॅडमनी चष्मा काढला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी, सगळीकडे दिवे-पंखे लागले की पन्नासचा आकडा असाच खाली यायचा, तेव्हा त्या पॅनेलसमोर बसून तो चढायची वाट बघत असायच्या. मग त्या म्हणाल्या, "हा माणूस मिसिसिपीचा नाही. हा आपल्याच ग्रिडवरचा आहे."

आणि त्या ठोक्यांच्या मागून मावशीचा आवाज आला.

दादा, मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली. मी ताटावर बसलो होतो, हात तसाच राहिला. 'इंदर, दूध घेऊन ये रे येताना,' एवढंच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दिपेशला वाटलं की मला बोंबलाचा काटा लागला.

आता कबुली. तुमचा अबोला सुरू झाला त्या वर्षी मे महिन्यात मी तुमच्याकडे राहायला होतो. निघायच्या दिवशी तुझ्या खणातून एक कॅसेट उचलली. नाव नव्हतं, म्हणजे चोरून भरलेला बी. बी. किंग असणार अशी माझी खात्री. घरी जाऊन ऐकली. हा कोणी वेगळाच, पण भारी होता. पुढे कळलं की काकांनी तुझी कॅसेट फेकली आणि तुमचं वाजलं. मला वाईट वाटलं, पण ती ही असेल अशी शंका एकदाही आली नाही. कारण सांगू का? तुझ्या वाजवण्याबद्दल माझं मत इतकं चांगलं नव्हतंच. तू वाक्यं छान बोलायचास. वाजवतोस असं, हे मला कळायला तुला आधी परका आणि मग मयत व्हावं लागलं.

काकांनी ती फेकली नाही, दादा. त्यांनी ती बघितलीही नव्हती. ते 'मी नाही' म्हणत राहिले आणि तुला ते खोटं वाटलं. या अठ्ठावीस वर्षांतला चोर मी आहे. तुला मारायचं असेल तर मार, मी धाकटाच आहे.

वहिनींना नमस्कार. काकांना साष्टांग नमस्कार सांग, असं दरवेळी लिहितो, या वेळी लिहीत नाही. तो मी येऊन घालीन.

तुझा,
चंद्रभान

ता. क. कॅसेट कुरियरने पाठवत नाही. येत्या शनिवारी मी स्वतः घेऊन येतो. बरोबर मॅडम आणि दिपेशही आहेत, त्यांना कै. वादकांचं दर्शन घ्यायचं आहे. दिपेश वहिनींसाठी वाणगावच्या मिरच्या आणतो आहे. बोंबील आणू नको असं सांगितलं आहे, पण खात्री देत नाही.

ता. क. २. कोणाकडून तरी एक गिटार मागून ठेव. सहा तारा असल्या म्हणजे पुरे. विसरलो आहे वगैरे ऐकून घेतलं जाणार नाही, नोंदवहीत तुझं नाव लिहून झालं आहे.

ता. क. ३. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं आणि ते लिहायलाच धीर होत नव्हता. तू दूध आणायला गेलास तरी टेप चालूच राहिली होती. गच्चीच्या जिन्याचं दार वाजतं. काका आत येतात आणि मावशीला विचारतात, "थांबला का तो? मी केव्हाचा जिन्यात उभा आहे. मला बघून मध्येच बंद करतो ना." मावशी हसते, आणि तिथे कॅसेट संपते. असे ते किती संध्याकाळी जिन्यात उभे राहिले, ते मला माहीत नाही. काका घरातच आहेत. तूच विचार.