हिरव्या चौकोनासाठी

नॉर्डाल, आयोवा
१७ नोव्हेंबर

प्रिय ऑरिन,

इकडे सगळे ठीक. थंडी पडायला लागली तसा आईचा गुडघा पुन्हा धरलाय, पण ऐकेल तर शपथ. काल चर्चच्या जेवणासाठी उभं राहून तिने बटाट्याच्या पोळ्या, आपल्या लेफ्सा, लाटल्या. माझी एक लाटलेली बघून म्हणाली, ‘‘हे काय, नकाशा काढलास का?’’ सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. हल्ली हसायला मिळतंय कुठे?

बहीण एकाच राज्यात राहून पत्र काय लिहिते, असं तुला वाटेल. फोन करून काय उपयोग? तू ‘हं, हं’ करतोस आणि दुसरीकडे टाईप करत असतोस. ते टकटक मला ऐकू येतं, ऑरिन. पत्र तरी तुला दोन्ही हातांनी धरावं लागेल.

तुझ्या ऑफिसचं अभिनंदनाचं पत्र मिळालं. ‘नॉर्डाल कॉलेज, महिला क्रॉस-कंट्री: वार्षिक ध्येय पूर्ण.’ शेजारी हिरवा चौकोन. खाली तुझी सही. क्रीडा परिषदेचे आयुक्त! ते वाचून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी कागद चुरगळून टाकला. मग परत उचलून सरळ केला, कारण तो तुला दाखवायचा होता. सोबत जोडलाय.

आता ऑगस्टमध्ये चल जरा. हॉटेलच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये तू नऊही कॉलेजांचे सगळे प्रशिक्षक बसवलेस. शिकागोहून आणलेला तो पोरगेलासा सल्लागार पडद्यासमोर नाचत होता. प्रत्येक संघाला एक ध्येय, प्रत्येक ध्येय मोजता येणारं, आणि सगळ्यांना एकच माप: मागच्या वर्षीपेक्षा दहा टक्के गुण जास्त. जमलं तर हिरवा चौकोन, थोडक्यात हुकलं तर पिवळा, नाहीतर लाल. बास्केटबॉलवाले माना डोलावत होते. त्यांचं काय जातंय?

आम्ही क्रॉस-कंट्रीवाले, शेताबांधांतून पळणाऱ्यांचे प्रशिक्षक, आधी हसलो. आम्हाला वाटलं, कोणीतरी उठेल आणि चूक दुरुस्त करेल. कोणीच उठेना, तेव्हा मी उठले. म्हटलं, ‘‘अहो, आमच्यात पहिल्या पाच पोरींच्या क्रमांकांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. पहिली आली तर एक, दहावी आली तर दहा. ज्याची बेरीज कमी तो जिंकतो. गुण वाढवा म्हणजे हरा!’’ तो पोरगा गोड हसला आणि म्हणाला, ‘‘छान मुद्दा. नोंद घेतो.’’ घेतली असेल. कुठे घेतली देव जाणे.

त्याला एक वेळ माफ आहे. त्याने आयुष्यात चिखलातून पळून बघितलेलं नाही. पण तू? तू याच कॉलेजच्या संघाचा कप्तान होतास. बेरीज बोटांवर करत तू शेवटच्या पोराच्या नावाने ओरडायचास. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुला कोपऱ्यात गाठलं, तेव्हा तू काय म्हणालास? ‘‘मार्लिस, मला माहीत आहे गं. पण नऊही कॉलेजांच्या अध्यक्षांनी तक्ता मंजूर केलाय. आता एका खेळासाठी उलटं माप लावायचं तर पुन्हा सगळ्यांपुढे जावं लागेल. पुढच्या वर्षी बघू.’’ आणि वर, ‘‘तू उगाच मनाला लावून घेतेस.’’

तुला माहीत होतं. हे मी पुन्हा लिहिते, म्हणजे नजरेतून सुटायला नको. तुला माहीत होतं.

या मोसमात माझ्या पोरी सुसाट होत्या. दर शर्यतीत बेरीज खाली येत होती आणि दर शर्यतीनंतर तुझ्या तक्त्यावर आमचा चौकोन लाल होत होता. आमच्या मागे रखडत येणारं कॉलेज हिरवंगार! त्यांचा प्रशिक्षक मला भेटला तर लाजेने टोपी डोळ्यांवर ओढायचा. मग ऑक्टोबरमध्ये आमचा क्रीडा संचालक डेल हसबी याने मला बोलावलं. तो भला माणूस आहे, पण फुटबॉलपलीकडे त्याला काही दिसत नाही. म्हणाला, ‘‘मार्लिस, कॉलेजला यंदा एक संघ बंद करायचाय. अध्यक्षबाई परिषदेचा तक्ता समोर ठेवून ठरवणार. तुझं सगळं लाल आहे.’’

‘‘डेल, लाल आहे कारण आम्ही जिंकतोय!’’

‘‘असेल. पण लाल ते लाल. त्यांना मी काय सांगू? तुझ्या भावालाच सांग ना.’’

सांगितलं. भावाने टकटक केलं.

परिषदेच्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे नेहमीप्रमाणे पोरींचं जेवण होतं. डेल पहिल्यांदाच आला. त्याला त्यांना धीर द्यायचा होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. हातात केकचा तुकडा, मिशीला साखर, आणि भाषण: ‘‘पोरींनो, उद्या तेवढे गुण वाढवा. वर्षाचा चौकोन याच शर्यतीवर ठरतो. मागच्या वर्षी अठ्ठावन्न होते, चौसष्ट झाले की हिरवं! मग संघाला हात लावायची कोणाची टाप नाही.’’ पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कर्स्टनला हसू आवरेना, ती स्वयंपाकघरात पळाली. एक पोरगी मात्र हसली नाही. ताटातली शेवयांची वेटोळी चमच्याने फिरवत बसली. मला वाटलं, उद्याची धास्ती असेल.

शर्यत तूही बघितलीस, पण तू तंबूत अध्यक्षांना कॉफी देत होतास. मी शेवटच्या वळणावर उभी होते. माझी ती पोरगी दुसरी होती. दुसरी! आणि बाकीच्या चौघी तिच्या मागे धडाधड येत होत्या. आमच्या महिला संघाने परिषदेची ढाल कधी बघितलेली नाही. मी मनात बेरीज केली, मग पुन्हा एकदा केली. ढाल आमची होती, ऑरिन. मुकाट पळत राहिली असती तरी आमची होती.

रेषा समोर दिसत असताना ती थांबली. खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. मी घसा फाटेपर्यंत ओरडले. पोरी तिच्या अंगावरून जाव्या तशा जात होत्या, आमच्या आणि दुसऱ्यांच्याही. तिने मान वर केली नाही. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं रडतेय. ती मोजत होती.

मग उठली आणि एकोणतिसावी आली. बेरीज बरोबर चौसष्ट. हिशेबाला पोरगी पक्की आहे, तुझ्यावर गेलीय.

हो, तुझीच सोलवेग. आता आलं लक्षात? आत्तापर्यंत मी नाव घेतलं नाही, कारण तिने मला न सांगण्याची शपथ घातली होती. तू दुसऱ्या कॉलेजच्या हातात ढाल दिलीस, फोटो काढलास, मग येऊन तिला मिठी मारलीस आणि विचारलंस, ‘‘पायात गोळा आला का गं?’’ ती हो म्हणाली. तू तिच्या पाठीवर थोपटून म्हणालास, ‘‘असू दे, पुढच्या वर्षी.’’ तिचं हे शेवटचं वर्ष आहे, हेसुद्धा तुला आठवलं नाही? कमाल आहे तुझी!

माझ्यासमोर ती त्याच संध्याकाळी ढसाढसा रडली. ‘‘मार्लिस आत्या, संघ तरी राहील ना?’’

तिने चूक केली, हे मला मान्य आहे. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. बाकीच्या पोरींना कळलं तेव्हा कर्स्टन तिच्यावर इतकी ओरडली की वसतिगृहातल्या शेजारच्या खोल्यांतल्या मुली बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी तीच कर्स्टन तिच्यासाठी गरम जेवण घेऊन गेली. आणि सोलवेग काल आपणहून मुख्य पंचांकडे गेली. मी पाठवलं नव्हतं. मुद्दाम हळू पळणं नियमात बसत नाही, तुला माहीतच आहे. तिने सगळं सांगितलं. आमचा संघ निकालातून बाद झालाय. चौसष्ट गेले, हिरवा चौकोन गेला, आणि बाकीच्या पोरींचे क्रमांकही संघाच्या खात्यात राहिले नाहीत. पंचांचा निर्णय दोन-तीन दिवसांत तुझ्या टेबलावर येईल. त्याआधी तुला घरच्याकडून कळावं म्हणून तिने माझी शपथ सोडवली.

येत्या गुरुवारी नऊ अध्यक्षांची सभा आहे. तू तक्ता लावशील आणि आमच्या अध्यक्षबाई त्यावरून आमचा संघ बंद करतील. कोणी काही विचारलंच तर ‘आकडे भरताना गोंधळ झाला’ असं म्हणायचा तुझा बेत असेल. खबरदार! गोंधळ त्या पोरगेल्या सल्लागाराचा झाला, डेलचा झाला. तुझा झालेला नाही. तू उभा राहून सांगायचंस की या खेळात गुण उलटे मोजतात, ते तुला ऑगस्टमध्येच ठाऊक होतं आणि तू गप्प बसलास. नोकरीवर बेतेल? बेतू दे. माझ्या बारा पोरींच्या संघावर बेतलं तेव्हा तुला झोप लागत होती ना?

मी सोलवेगला विचारलं, ‘‘हे सगळं तूच का नाही सांगत बाबाला?’’ तिने मान हलवली. मग म्हणाली, ‘‘नको आत्या. बाबा मला नीट समजावून सांगतील, तसं का करावं लागलं ते. आणि मला ते पटेल.’’

हे ऐकल्यापासून मला तुझ्यावर नुसतं ओरडताही येत नाही.

तेव्हा समजवायचं ते त्या नऊ जणांना समजाव. पोरीकडे त्याआधी ये, आणि तिच्यासमोर एवढंच म्हण की चुकलो. पुढे ‘पण’ लावू नकोस.

तुझ्यावर संतापलेली, आणि तरीही गुरुवारी सभेच्या दाराशी तुझी वाट बघणारी,
मार्लिस